इंदूरची लिलावातली गाडी

२००४ सालच्या ऑगस्टमध्ये इंदूरहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडी घेऊन टाकली," तो म्हणाला. मी अभिनंदन केले आणि कुठली, कुठल्या रंगाची, असे नेहमीचे प्रश्न विचारले. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "नीलामीतली आहे. सरकारी." त्या 'सरकारी' शब्दात थोडा अभिमान होता आणि थोडी लाजही होती.

म्हापशाला मावशीच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. "पोलिसांनी धरलेली गाडी दारात कशाला आणली?" गाडी पोलिसांनी नव्हे, दारूच्या वाहतुकीपायी अबकारी खात्याने धरली होती, असे सांगून तिचे समाधान होण्यासारखे नव्हते. आपल्या गोव्याच्या माणसाला हा प्रकार नवा नाही. पत्रादेवी ओलांडून बांद्याच्या दिशेने गेले की इन्सुलीचा नाका लागतो. तिथे गोव्याच्या दारूसकट पकडलेल्या गाड्या रस्त्याकडेला धूळ खात उभ्या असतात. त्यांचे पुढे काय होते याचा विचार आपण करीत नाही. कोणीतरी त्या लिलावात घेतो, आणि घेणारा आपल्या ओळखीचा नसतो, एवढेच आपण गृहीत धरतो. या वेळी तो माझा मावसभाऊ निघाला.

त्या फोननंतर मी लिलाव या विषयाच्या मागे लागलो. आधी शब्दच घेऊ. तो आपल्याच दारातून देशात गेला आहे. मराठीतला 'लिलाव' आणि हिंदीतला 'नीलाम' हे दोन्ही पोर्तुगीज 'लेइलांव'ची लेकरे. आसगावचे मोन्सेन्योर सेबाश्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा जो प्रचंड शोध घेतला, त्यात या शब्दाचा प्रवास सापडतो. तामिळमधला 'एलम' आणि मलयमधला 'लेलांग' हे याचेच भाऊबंद. त्याआधी मराठीत 'हर्रास' होता, तो अरबीतून आलेला. विदर्भात तो अजून ऐकू येतो. आपल्याकडे देवळात आणि पालिकेत 'पावणी' आहे. आणि फेस्ताच्या वेळचा लेलांव तर ख्रिस्ती वाड्यांवर आजही होतोच.

जुन्या गोव्यातला लेइलांव मात्र नारळ-केळ्यांचा नव्हता. यान हाउखेन व्हान लिन्सकोटेन हा डच तरुण १५८३ साली आर्चबिशपच्या पदरी गोव्यात आला आणि पाच वर्षे राहिला. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये छापले गेले. रुआ दिरेइता या मुख्य रस्त्यावर रविवार आणि सण सोडून रोज सकाळी हा बाजार भरत असे, असे तो सांगतो. सोन्याच्या साखळ्या ल्यालेले हाकारे ओरडत फिरायचे. अरबस्तानातले घोडे, गुलाम माणसे, कापड, जडजवाहीर, सगळे तिथे पुकारून विकले जाई. आणि शहरात कोणी मेला, मग तो कितीही मोठा असो, की त्याच्या घरातली चीजवस्तू शेवटच्या दमडीपर्यंत तिथे आणून विकायची अशी रीत होती. त्या चीजवस्तूत स्वारीचा घोडाही असणार. घोडा म्हणजे त्या काळची मोटार. तेव्हा एकाने वापरलेले वाहन चव्हाट्यावर बोली लावून दुसऱ्याने घ्यायचे, हा व्यवहार गोव्याला चारशे वर्षांहून जुना आहे. मावशीला मी हे सांगितले. तिने मान हलवली, पण मत बदलले नाही.

मावशीच्या मनातला प्रश्न खरे तर नीट विचार करण्यासारखा होता. वस्तू आधी कोणाची होती याने तिची किंमत बदलते का? देवळातली पावणी आठवा. जत्रेनंतर देवापुढचे नारळ, केळ्यांचे घड, फणस पुकारले जातात. बाजारात पन्नास रुपयांना मिळणाऱ्या घडाला तिथे पाच-सहाशे पडतात, आणि देणारा आनंदाने देतो. कारण तो घड देवाचा होऊन आला आहे. म्हणजे आधीच्या धन्याने किंमत वाढवली. आणि इन्सुलीच्या नाक्यावरची गाडी? तिचे इंजिन ठणठणीत असले तरी तिला निम्मी किंमत येणार नाही. तिथेही आधीचा धनीच किंमत ठरवतो, फक्त उलट्या बाजूने. लिलाव मालाचा होतो म्हणतात. मला वाटते, बोली बऱ्याचदा आधीच्या मालकावर लागते.

मराठी माणसाने राजाच्या वाहनांचा लिलाव पाहिला तो नागपुरात. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले, औरस पुत्र नव्हता, आणि डलहौसीने राज्य खालसा केले. पाठोपाठ वाड्यातले हत्ती, घोडे, बैल बाहेर काढून सीताबर्डीवर विक्रीला उभे केले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. वाड्यातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे वृद्ध बांकाबाईने बजावल्याचे केने आपल्या १८५७ च्या इतिहासात नोंदले आहे. ती जनावरे मातीमोल भावाने गेली असेही तो म्हणतो. हे लक्षात घेण्याजोगे आहे. कालपर्यंत राजाचा होता म्हणून त्या हत्तीला जास्त किंमत आली नाही. कारण तो राजा पडलेला होता, आणि विकणारा जिंकलेला. घेणाऱ्याला हत्ती हवा होता, राजाची आठवण नको होती. ती आठवण विकायची कला नंतरची.

ती पाहायची तर इंदूरलाच यावे लागते.

तुकोजीराव होळकर तिसरे यांची गादी गेली तीही मोटारीच्या एका प्रसंगाने. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीने अडवली. बरोबर मुमताज बेगम होती, जी पूर्वी इंदूरच्या दरबारातून निघून आली होती. बावलाचा खून झाला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले, आणि योगायोगाने तिथून जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून तिला वाचवले. धागा इंदूरपर्यंत पोचला. चौकशीला सामोरे जाण्याऐवजी महाराजांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले.

यशवंतराव हा वेगळाच माणूस. इंग्लंडात शिकलेला, उंच, किरकोळ, आधुनिक कलेचा वेडा. एकार्ट मुथेसिउस या जर्मन तरुणाकडून त्याने १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत माणिकबाग हा राजवाडा सजवून घेतला. भारतात इतरत्र संस्थानिक झुंबरांच्या आणि वाघाच्या कातड्यांच्या मागे असताना या होळकराच्या घरात पोलादी नळ्यांच्या खुर्च्या होत्या. ब्रांकुशीचे 'अवकाशातला पक्षी' हे शिल्प त्याने एक नव्हे, तीन घेतले. मोटारींचेही तसेच. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे.

त्या काळी अशी गाडी तयार मिळत नसे. कंपनी सांगाडा, इंजिन आणि चाके देई. वरचे अंग आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायचे. होळकरांच्या गाडीचा सांगाडा अमेरिकेतला, आराखडा गॉर्डन ब्यूरिग याचा, आणि अंग लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेले. लांबलचक बॉनेट, खाली जवळपास सात लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. हे १९३५-३६ च्या सुमाराचे. रंग नारिंगी आणि काळा. ती राजवाड्याच्या चौकातून जाताना कशी दिसत असेल याची कल्पना करून पाहा. ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. होळकरांचे संस्थान तिच्यामागून अकरा वर्षांनी, १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले.

यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वारले. तारीख पाहिलीत? त्यानंतर चौदा दिवसांनी गोवा मुक्त झाला. एका बाजूला मराठ्यांच्या एका घराण्यातला शेवटचा राज्य केलेला राजा जातो आणि दुसऱ्या बाजूला साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मी गोव्याचा असल्यामुळे ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. असो.

पुढे संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले आणि देशभरच्या राजवाड्यांच्या मोटारखान्यांवर अवकळा आली. पेट्रोल परवडेना, सुटे भाग मिळेनात. गाड्या भंगाराच्या भावाने जात. परदेशी शौकीन येऊन त्या हेरून नेऊ लागले, तेव्हा जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारने बंदी घातली. होळकरांची ड्युसेनबर्गही अमेरिकेतच पोचली. सांगाडा जिथून निघाला होता तिथेच, पण आता 'महाराजा ऑफ इंदूर' हे नाव कायमचे चिकटवून. तिच्याबद्दल कुठेही चार ओळी छापल्या की पहिली ओळ महाराजांची असते. त्या नावाने काय होते याचा अंदाज येण्यासाठी तिच्या एका बहिणीची गोष्ट पुरेशी आहे. सिनेनट गॅरी कूपर याच्याकडे असलेली १९३५ ची ड्युसेनबर्ग २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात लिलावात निघाली आणि २ कोटी २० लाख डॉलरांना गेली. तशा आखूड सांगाड्याच्या दोनच गाड्या झाल्या होत्या हे खरे. पण कूपरच्या जागी एखादा दातांचा डॉक्टर असता तर?

आणि माणिकबागेतल्या त्या खुर्च्या, दिवे, टेबले १९८० मध्ये मोनाकोत सदबीने लिलावात विकली. जगभरच्या संग्राहकांनी घेतली. आज त्यांच्या किमती ऐकून इंदूरचा सराफाही तोंडात बोट घालेल. घर रिकामे झाले. त्या रिकाम्या घरात आले कोण? केंद्रीय अबकारी खाते, ज्याला आता केंद्रीय जीएसटी म्हणतात. म्हणजे लोकांचा माल जप्त करण्याचा आणि जप्त केलेला विकण्याचा ज्यांना कायद्याने अधिकार आहे, त्यांचे कार्यालय. २००४ च्या डिसेंबरात भावाने मला तिथे फाटकापर्यंत नेले होते. बाहेरून काही विशेष दिसत नाही. पहारेकऱ्याने आत काय काम म्हणून विचारले, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. परवान्यांच्या जमान्यात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग असा चमत्कार घडे. परदेशी गाडी हवी तर एक कायदेशीर वाट होती. वकिलातींच्या लोकांनी करमुक्त आणलेल्या गाड्या ते परत जाताना राज्य व्यापार महामंडळाकडे जात आणि ते त्यांचा लिलाव करी. हिंदी सिनेमावाल्यांच्या लांबलचक इंपाला अशाच वाटेने आल्या. गोव्यात मात्र १९६१ पूर्वीची मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन गाड्यांची फौज होतीच. मर्सिडीज टॅक्सीतून बाजाराला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. तेव्हा लिलावातली गाडी म्हणजे मिरवण्याची वस्तू होती. ती खाली मान घालून घ्यायची वस्तू कधी झाली, याला माझ्या मते १९८३ नंतरची मारुती जबाबदार. नवी गाडी मिळू लागली, आणि लिलावात फक्त जप्तीच्या आणि निकामी सरकारी गाड्या उरल्या.

भावाकडे वळतो. तो इंदूरला एका शाळेत शिक्षक. भावजय घरी फराळाचे आणि डब्यांचे काम करते. इंदुरात मराठी वस्ती मोठी. दिवाळीला चकल्या, अनरसे, चिरोटे, शिवाय रोजच्या पोळ्या. स्कूटरवर डबे बांधून पोचवताना जीव जाई. मारुती व्हॅन असती तर काम तिप्पट झाले असते, पण नवी घेण्याची ऐपत नव्हती. भिशीचे पैसे आले, आणि शाळेतल्या कोणी तरी लिलावाची जाहिरात दाखवली. अबकारी कायद्याखाली ठरावीक प्रमाणाहून जास्त दारूसकट सापडलेले वाहन सरकारजमा करण्याचा अधिकार मध्य प्रदेशात जिल्हाधिकाऱ्याला आहे. तशा जमा झालेल्या गाड्या होत्या.

त्याने वर्णन केले ते असे. आवारात गाड्या ओळीने उभ्या. काचांवर खडूने लॉट नंबर. टायर बसलेले, बहुतेकांच्या बॅटऱ्या गायब. गाडी बघायची, हात लावायचा, बॉनेट उघडायचे, पण चालू करून बघायचे नाही. जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. आधी बयाण्याची रक्कम भरून टोकन घ्यायचे. लोहामंडीतले पाच-सहा भंगारवाले एका झाडाखाली बसलेले, एकमेकांशी हसत-बोलत. त्यांचे आपसात ठरलेले असते. एकाने बोली लावायची, बाकीच्यांनी गप्प बसायचे, आणि संध्याकाळी त्यांचा त्यांच्यात खरा लिलाव. बाहेरचा माणूस दिसला की किंमत चढवून त्याला अडकवतात किंवा घाबरवून पळवतात. भावाला त्यांनी आधी प्रेमाने सांगितले, "मास्टरसाब, इस का इंजन बैठा हुआ है." त्याने एका ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेले होते. मिस्त्रीने तेलाच्या कांडीला बोट लावून वास घेतला आणि डोळ्यांनीच हो म्हटले.

बोली तीस हजारांपासून निघाली. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात एक सोय आहे. हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. भावाला हे ठाऊक नव्हते, नाहीतर तो एकतीसलाच माघारी फिरला असता, असे भावजय म्हणते. एक्केचाळीस हजारांवर तिसरा पुकारा झाला आणि गाडी त्याची झाली.

निदान त्याला तसे वाटले. गाडी दोर बांधून घरी आणली, बॅटरी घातली, आणि मिस्त्री म्हणाला तसे इंजिन खरेच चालू झाले. आता नाव चढवायचे. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमात आणि १९८९ च्या नियमांत सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी वेगळी तरतूद आहे. फॉर्म ३२ भरायचा, ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. नेहमीच्या खरेदीत विकणाऱ्याची सही लागते, इथे ती लागत नाही, कारण विकणारा राजीखुशीने विकतच नसतो. त्या सहीच्या जागी दोन कागद लागतात. एक, लिलाव करण्याचा हुकूम. दोन, विक्री तुमच्या नावे कायम केल्याचा हुकूम. गाडीचा नंबर खोटा निघाला तर तिला नवा नंबर देऊन आधी सरकारी खात्याच्या नावावर चढवतात आणि मग घेणाऱ्याच्या. असा सगळा विचार त्या नियमात केलेला आहे. हे नियम वाचताना मला कौतुकच वाटले.

पण विचार केलेला असणे वेगळे आणि कागद बरोबर असणे वेगळे. हुकुमात चेसिस नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे टाइप झाले होते. नोंदणी करणाऱ्या कार्यालयात पेन्सिल घासून घेतलेला चेसिसचा छाप आणि हुकूम जुळेना. ते म्हणाले, दुरुस्ती करून आणा. हुकूम देणारे कार्यालय म्हणाले, आमच्या फाईलीत हाच नंबर आहे, पंचनाम्यातही हाच आहे, दुसरा कुठून आणू? मूळ नोंदणीपुस्तक जप्तीतच कुठेतरी गहाळ. पंचनाम्यात चुकलेला आकडा पुढच्या प्रत्येक कागदावर इमानाने उतरला होता. तीस दिवस गेले. नवरात्र गेले. व्हॅन दारासमोर उभी, विमा नाही, नाव नाही, आणि भावजय पुन्हा स्कूटरवर. त्या दिवाळीसाठी तिने दुप्पट ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या परत केल्या. भिशीचे पैसे फेडायचे होते ते निराळेच. फोनवर मावशी म्हणाली, "मी म्हटले नव्हते?"

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, देवासकडचा. व्हॅनकडे बघत होता. ती त्याची होती.

भाऊ घाबरला. भांडायला आला असेल असे वाटून त्याने आधी दारातच सांगितले की गाडी सरकारी लिलावातून घेतली आहे, कागद आहेत. माणूस म्हणाला, "मालूम है साहब." भावजयीने त्याला आत बसवून चहा दिला. त्याची हकीकत अशी की गाडी भाड्याने दिली होती, चालवणाऱ्याने त्यात पेट्या भरल्या, रात्री नाक्यावर पकडला. मला माहीत नव्हते हे त्याला सिद्ध करता आले नाही. खरे होते की नाही, आम्हाला काय ठाऊक? त्याने सिद्ध करायला वकील लावला होता, त्याचे पैसे गेले, आणि गाडीच्या कर्जाचे हप्ते चालूच होते. गाडी कितीला गेली असे त्याने विचारले. भावाने खरा आकडा सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझे कर्ज अजून याच्याहून जास्त शिल्लक आहे.

तो आला होता दोन कामांसाठी. पहिले काम नावाचे. कागदोपत्री गाडी अजून त्याच्याच नावावर होती. कर थकल्याची नोटीस त्याच्या घरी आली होती, आणि उद्या या गाडीखाली कोणी सापडला तर कोर्ट त्याला बोलावणार, ही त्याला धास्ती होती. धास्ती खोटी नव्हती. नोंदणीत ज्याचे नाव तोच जबाबदार, असे पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले. "साहब, मेरा नाम जल्दी हटवा दीजिए," तो म्हणाला. भावाने त्याला आकड्यांची अडचण सांगितली. त्यावर त्या माणसाने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली झेरॉक्स काढली. मूळ नोंदणीपुस्तकाची. चेसिस नंबर स्पष्ट, बरोबर. गाडी घेतली त्या दिवशी काढून ठेवली होती. भावाने ती हातात घेतली आणि त्याला काय बोलावे सुचेना.

दुसरे काम डॅशबोर्डचे. तिथे देवासच्या टेकडीवरच्या माताजीचा छोटा फोटो चिकटवलेला होता. भावजयीने तो पहिल्याच दिवशी पाहिला होता, काढावा की ठेवावा याचा निर्णय तिला होत नव्हता. दुसऱ्याच्या देवाला हात लावू नये असे एक मन म्हणे. तो त्याला हवा होता. तिने गरम पाण्याचे फडके ठेवून, पातीने कडा सोडवून, फाटू न देता तो काढून दिला. अर्धा तास लागला. तोवर दोघे पुरुष गाडीशेजारी उभे राहिले, आणि तो माणूस भावाला सांगत बसला की दुसरा गियर थंडीत अडकतो, जोर लावू नका, क्लच दोनदा दाबा.

राजाच्या गाडीला चिकटलेले नाव ग्राहक मोजून पैसे देऊन विकत घेतात. या माणसाला आपले नाव गाडीवरून पुसून हवे होते, आणि त्यासाठी तो देवासहून एसटीच्या धक्क्यांत आला होता. मोनाकोच्या लिलावात आणि त्या धुळीच्या आवारात कायदा साधारण एकच. हातोडा पडला की मालकी गेली. पण एकाचे गमावणे कॅटलॉगात छापले जाते आणि दुसऱ्याचे नोंदणीपुस्तकात आडवी रेघ मारून संपते. मी होळकरांच्या मोटारींबद्दल जेवढे वाचले आहे त्यात त्या कोणी चालवल्या, कोणी पुसल्या, त्यांचा दुसरा गियर कसा टाकायचा, हे कोणी लिहिलेले मला आढळले नाही.

झेरॉक्स जोडून अर्ज केला, दुरुस्तीचा हुकूम निघाला, आणि डिसेंबरच्या अखेरीस गाडी भावाच्या नावावर झाली. मी तेव्हा इंदुरातच होतो. आम्ही ती खजराण्याच्या गणपतीला नेली. इंदूरचा कोणी नवी गाडी घेतो तेव्हा आधी तिथे नेतो. रांगेत आमच्यापुढे तीन कोऱ्या गाड्या होत्या, फुलांच्या माळा घातलेल्या. गुरुजींनी आमच्या आठ वर्षे जुन्या व्हॅनच्या चाकाखालीही लिंबू ठेवले. आधीचा मालक कोण असे काही त्यांनी विचारले नाही. दक्षिणा मात्र तेवढीच घेतली.

आता हे सगळे बदलले आहे. सरकारी गाड्यांच्या विक्रीत झाडाखालचे टोळके गेले, बोली संगणकावर लागते. पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही, ती थेट मोडीत जाते. म्हणजे कलेक्टरसाहेबांची म्हातारी ॲम्बेसेडर स्वस्तात घेऊन दहा वर्षे फिरवण्याची जी एक जुनी वाट होती, ती बंद झाली. जप्तीच्या गाड्यांचे लिलाव चालू आहेत. इन्सुलीचा नाकाही आहे.

व्हॅन आठ वर्षे चालली. भावजयीने भिशी दुसऱ्या दिवाळीला फेडली. २०१२ मध्ये महूच्या एका भाजीवाल्याने ती घेतली. भावाने त्याला सगळी फाईल दिली. दोन्ही हुकूम, दुरुस्तीचा हुकूम, फॉर्म ३२ ची प्रत आणि ती झेरॉक्स. प्लास्टिक फाटले होते म्हणून नवीन घातले, आणि दुसऱ्या गियरचेही सांगितले.